बसल्यावर येणारी चक्कर

बाळकुम, १२ जून १९९१

मालूताई,

ती. सौ. वगैरे लिहिलं होतं, खोडलं. दीड वर्षानंतर एकदम तसं लिहायला हात होईना. नमस्कार मात्र खरा आहे, तो घे.

आई समोरच बसलीय. "लिव, मी बरी हाय," म्हणते. हे तिचं झालं. आता माझं लिहिते, तिला वाचता येत नाही ते बरंच आहे.

आई बरी नाही. एकोणनव्वदच्या दिवाळीत तू आली होतीस तेव्हा जे होत होतं तेच होतं, फक्त आता रोज होतं. मार्केटात मासळीची पाटी मांडून बसली की वीस मिनिटांत सुरू. डोळ्यांपुढे अंधार, कपाळाला गार घाम, आणि मानेत काहीतरी उडतं. ती म्हणते, "निवटी उडतंय मानेत." खाडीच्या चिखलातली निवटी मासळी कशी टुणकन उडते, तसं. मग ती उठते, गिऱ्हाइकांना हाका मारत दोन फेऱ्या घालते, आणि बरी होते. बाजूच्या सखुबाईला वाटतं केशरबाईला बसवतच नाही एका जागी, धंद्याची हाव.

तू तेव्हा म्हणालीस, "चालताना काही नाही, जिना चढताना काही नाही, आणि पाटावर बसलं की डोळे फिरतात? अशी चक्कर जगात कुणाला येत नाही. आईला लाडाची सवय लागलीय, नाटक करते." आई ऐकत होती गं. आत नव्हती, ओटीवरच होती. त्यानंतर सहा महिने तिनं चक्कर आली म्हणून तोंडातून काढलं नाही. भिंतीला धरून उभी राहायची आणि मला सांगायची, भिंत पुसतेय.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे चार वेळा नेली. दवाखाना पहिल्या माळ्यावर. वर गेल्या गेल्या ते पट्टा बांधतात, प्रेशर एकशे तीस. "तुमच्या आईचं प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे," म्हणतात. पाय सुजतात म्हणून लघवीच्या गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरली, चक्कर वाढली.

छातीत मशीन बसवायचा हट्ट तुझा आणि भावजींचा होता. मी नको म्हणत होते. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये ती मार्केटात पडली, मुंबईच्या इस्पितळात सांगितलं की हृदय मोठं झालंय, थकलंय आणि मधेच चार-पाच सेकंद थांबतं, तेव्हा तू बडोद्याहून आलीस आणि दोन दिवसांत सगळं ठरवून टाकलंस. तपासणीत ठीक निघालं म्हणजे माणूस ठीक असतं असं नाही, एवढंच मला म्हणायचंय. ज्या दिवसापासून ते यंत्र तिच्या आत गेलं, त्या दिवसापासून ती आपली राहिली नाही.

रागावून लिहितेय असं वाटेल. रागावूनच लिहितेय.

जनी

बाळकुम, ४ सप्टेंबर १९९१

मालूताई,

तुझं पत्र मिळालं. नऊ ओळी. त्यातल्या तीन आईच्या तब्येतीच्या, बाकी माझ्या स्वभावाच्या.

तू लिहितेस, "मी बोलले ते मागे घेणार नाही. तपासणीत डॉक्टरांनी मशीन उत्तम चाललंय असं सांगितल्याचं तूच मला सांगितलंस. मग मी काय समजायचं होतं?" बरोबर आहे. तुझ्या जागी मीही तेच समजले असते. यावर आपण भांडू नये.

तपासणीचे कागद पाठव म्हणतेस, तिथल्या डॉक्टरांना दाखवायला. कागद सापडत नाहीत. पावसात कपाटाच्या खालच्या फळीत पाणी शिरलं होतं, त्यात गेले असतील.

लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या गुरुवारी आई मार्केटात बसल्या जागी पडली. हातात कोयता होता, बोईट साफ करत होती. डाव्या तळव्याला पाच टाके पडले. तोंडावर पाणी मारून सखुबाईनं तिला उभी केली तर लगेच शुद्धीवर आली, म्हणाली, "मना काय झाला नाय, झोप लागली." अकरा वाजता, भर बाजारात, हातात कोयता घेऊन कुणाला झोप लागते?

मी कारखान्यातून धावत गेले. कोलशेतच्या त्याच कारखान्यात आहे अजून, औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरते. रडत परत आले तेव्हा आमच्या खात्यातल्या रखमाबाई म्हणाल्या, "माझ्या दिराला असंच मशीन आहे. डोंबिवलीला एक डॉक्टरीणबाई आहेत, गुप्ते. आठवडाभर मुंबईच्या इस्पितळात, रविवारी डोंबिवलीत. त्या फक्त हृदयाचंच बघतात. घाई करत नाहीत." नंबर लावलाय. दिवाळीच्या आधीचा मिळालाय.

आईला सांगितलं तर म्हणाली, "पुन्यांदा कापनार असतील तर मी नाय येत."

जनी

बाळकुम, २१ ऑक्टोबर १९९१

मालूताई,

काल डोंबिवलीला जाऊन आलो. सगळं लिहायला बसलेय, कारण हे तुला कळायलाच हवं.

गुप्तेबाई पन्नाशीच्या असतील. आधी आईला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तुम्हांला काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा." आई माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत डॉक्टर तिला काही विचारत नव्हते गं, मला विचारायचे. मग ती बोलली. पाटी, बसणं, अंधार, निवटी, उठून फेऱ्या. मला वाटलं आता या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बसल्यावरच होतं ना? बरं."

आईला झोपवलं, हातापायांना कार्डिओग्रामच्या पट्ट्या लावल्या, दंडाला प्रेशरचा पट्टा. पहिलं प्रेशर एकशे अठ्ठावीस. मी म्हटलं, "हेच तर नेहमी येतं." बाई म्हणाल्या, "आता कुणी बोलायचं नाही. केशरबाई, गप पडून राहा. झोपलात तरी चालेल."

पंख्याचा आवाज येत होता फक्त. दहा मिनिटं गेली असतील. कागद हळूहळू सरकत होता, आणि एकदम त्याच्यावरची नक्षी बदलली. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक बारीक उभी रेघ यायला लागली. त्याच वेळी आई म्हणाली, "आला."

"काय आला?"

"निवटी."

बाईंनी वाकून तिच्या मानेकडे बघितलं, मलाही दाखवलं. कॉलरच्या हाडावर शीर खरंच उसळत होती. पट्टा फुगवला. प्रेशर ब्याण्णव. ताई, ब्याण्णव. मग त्यांनी आईला पडल्या पडल्या पाय वर-खाली करायला, मुठी वळायला सांगितलं. दोन मिनिटांत ती बारीक रेघ कागदावरून गेली, निवटी थांबली, प्रेशर एकशे सव्वीस. असं तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

मग त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. हृदयाला वरचे कप्पे आणि खालचे कप्पे. आधी वरचा आकसतो आणि खालच्याला भरून देतो, मग खालचा जोर लावून रक्त अंगभर ढकलतो. आईच्या मशीनची तार फक्त खालच्या कप्प्यात आहे. आईचं हृदय आपापलं मिनिटाला साठच्या आसपास चालतं, मशीन सत्तरवर लावलंय. म्हणजे ती शांत बसली, तिचे ठोके सत्तरच्या खाली आले, की मशीनला वाटतं हृदय मंदावलं, आणि ते स्वतः ठोके द्यायला लागतं. पण ते वरच्या कप्प्यासाठी थांबत नाही. वरचा भरायला जातो तेव्हा खालच्यानं दार लावून घेतलेलं असतं. रक्त उलटं मानेकडे उसळतं, पुढं जायला हवं तेवढं जात नाही, प्रेशर पडतं. चालली, जिना चढली, की तिचे स्वतःचे ठोके सत्तरच्या वर जातात, मशीन गप्प होतं, सगळं ठीक. म्हणून पहिल्या माळ्यावरच्या डॉक्टरांना कधी काही सापडलं नाही.

"धडधाकट हृदयाला एवढा फरक सोसतो," बाई म्हणाल्या. "यांचं आधीच कमजोर आहे. अशा हृदयाला वरच्या कप्प्याचा हातभार लागतोच. वर लघवीच्या गोळ्यांनी प्रेशर आणखी उतरलं."

आई सगळं ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे दोघं वल्हवतात पन एकाचा हात पुढं नि एकाचा मागं."

"अगदी तसंच, केशरबाई."

"मंग होडी जाल कशी?" असं म्हणून ती माझ्याकडे वळली, आणि म्हणाली, "मालूला लिव. मी नाटक नव्हतं करत."

म्हणून लिहिलं. ती एवढंच म्हणाली, चिडून नाही म्हणाली.

बाईंनी मला बाहेर बोलावून इतरही काही विचारलं. ते राहू दे, पत्र लांबलं. बुधवारी मुंबईला त्यांच्या इस्पितळात बोलावलंय. कापाकापी नाही, बाहेरूनच मशीनचे ठोके कमी करतात म्हणे.

जनी

बाळकुम, १८ जानेवारी १९९२

मालूताई,

तुझी तीनही पत्रं आली. आईला वाचून दाखवली. तू माफी मागितलीस तो भाग तिनं दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाली, "तिला लिव, पोरीनं आयशीची माफी नाय मागायची, पाप लागतंय." पत्र उशीखाली ठेवलंय.

आई चांगली आहे. इस्पितळात तिच्या छातीवर इस्त्रीएवढं एक यंत्र ठेवलं, बाजूच्या पेटीवर बटणं दाबली, सत्तरचं पन्नास केलं. दहा मिनिटं लागली. मला दिलेला चहा निवाला नव्हता. आता तिचं हृदय आपलं आपण चालतं, आणि मधेच थांबलंच तर मशीन सांभाळतं. घरी मोजायला पट्टा घेतलाय, बाईंनी मला शिकवलं. सकाळी उठल्यावर, दुपारी बसलेली असताना, रात्री. एकशे वीसच्या खाली सहसा येत नाही.

पंधरा दिवस झाले, परत मार्केटात बसते. बसते, ताई! काल कोळंबीचा वाटा लावून दुपारी एकपर्यंत एका जागी बसली होती. सखुबाई म्हणाली, "केशरबाईची हाव संपली वाटतं." संध्याकाळी आईनं मला ते हसून हसून सांगितलं. तिचं हसणं मी विसरले होते.

तू यायचं म्हणतेस. आत्ता नको. भावजींची बदली व्हायचीय, मुलांच्या परीक्षा आहेत, आणि आई तर बरी आहे. मे महिन्यात बघू.

आणि पुन्हा पुन्हा "मी हट्ट केला म्हणून" असं लिहू नकोस. मला ते वाचवत नाही.

जनी

बाळकुम, ३ ऑगस्ट १९९२

मालूताई,

मे महिन्यात तुला नको म्हटलं, त्याचा तुला राग आला असेल. घरात दुरुस्ती चालू होती हे खरं होतं, पण तेवढंच कारण नव्हतं. दुसरं काय ते विचारू नकोस.

आईचं पुन्हा बिघडलंय. आषाढापासून तिचे स्वतःचे ठोके मंदावलेत, पन्नासच्याही खाली येतात. म्हणजे मशीनलाच काम करावं लागतं, आणि ते करायला लागलं की प्रेशर पडतं. काल दुपारी शहाऐंशी होतं. मशीन बंदही करता येत नाही, त्याच्याशिवाय ती थांबेल. गुप्तेबाई म्हणतात, वरच्या कप्प्यात दुसरी तार घातली तर दोन्ही कप्पे वेळेवर चालतील. पण हृदय इतकं थकलंय की टेबलावरच काही होणार नाही, याची त्या हमी देत नाहीत. पायांची सूज गुडघ्यांपर्यंत आलीय. दोन उशा लावल्याशिवाय झोप नाही.

आईला विचारलं. म्हणाली, "सहा महिने बसून धंदा केला ना मी? पुरे झाला." मी रडायला लागले तर म्हणाली, "कशाला रडतंय? तुज्या बापाला तर तेवढेपन नाय मिलले."

ती रोज तुझं विचारते. "मालू कवा येल?" मी सांगते, गणपतीनंतर. तूही गणपती करून ये. एवढी घाई नाही, मी आहे.

जनी

बाळकुम, २२ नोव्हेंबर १९९२

मालूताई,

तू परत गेल्याला महिना झाला. हे पत्र मी पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. आता नाही फाडणार.

आई गेली त्या दिवशी, नऊ ऑक्टोबरला, मी दुपारी दोनला नाक्यावरच्या बूथवरून तुझ्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. तेव्हा आईचं प्रेशर सत्तर होतं. आठवडाभर नव्वदच्या वर गेलं नव्हतं. आठवडाभर मी फोन केला नाही, हे आधी लिहून टाकते. साडेचारला ती गेली. मी दंडाला पट्टा बांधून फुगवत होते, कानात नळ्या होत्या. आवाज येईना. मला वाटलं पट्टा सैल झाला. मी पुन्हा बांधला.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलीस. आईच्या पायांवर डोकं ठेवून म्हणालीस, "आई, मी तुझ्या छातीत ते घातलं. मीच तुला नाटकी म्हटलं." तेरा दिवस तू हेच म्हणत होतीस, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस. हौसाबाई काकीसुद्धा म्हणाली, "मोठीनं घाई केली." मी तिथंच होते, भात वाढत होते. मी ऐकलं आणि गप्प राहिले.

आता ऐक.

मशीन बसवल्यावर इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवड्यांनी तपासणीला आणा, आईच्या हृदयाप्रमाणे मशीन तेव्हा जुळवून देऊ. तूही गाडीत बसताना मला बजावलंस, "जने, विसरू नकोस."

मी नेलं नाही.

पहिल्या तारखेला कारखान्यात रजा मिळाली नाही. हे खरं आहे. दुसरी तारीख मिळाली तेव्हा रजा होती, पण मी नेलं नाही, कारण तू हुकूम सोडून गेली होतीस आणि मी इथं आईचं सगळं करत असून मला कुणी काही विचारलं नव्हतं, याचा राग माझ्या डोक्यात होता. आई तेव्हा हिंडत-फिरत होती, म्हटलं काय होतंय. मग चक्कर सुरू झाली. तेव्हा न्यायला हवं होतं. पण तोवर पाच महिने उलटले होते, डॉक्टर म्हणतील इतके दिवस झोपली होतीस का, आणि तुला कळेल. मी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेत राहिले.

दिवाळीत तू विचारलंस, "तपासणी झाली ना?" मी म्हटलं, "झाली. मशीन उत्तम चाललंय म्हणाले." तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्या विश्वासावर तू आईला नाटकी म्हणालीस. ते शब्द तुझे होते, पण तुझ्या तोंडात मी घातलेले. कपाटात पाणी शिरलं नव्हतं, ताई. कागद नव्हतेच.

डोंबिवलीत गुप्तेबाईंनी बाहेर बोलावून तेच विचारलं होतं. "पहिल्या तपासणीलाच हे लक्षात आलं असतं. का आणलं नाहीत?" मी मान खाली घातली. आई गेल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन विचारलं, वेळेवर नेलं असतं तर ती जगली असती का. म्हणाल्या, "सांगता येणार नाही. हृदय आधीच थकलेलं होतं, मशीन नसतं तर एकोणनव्वदमध्येच गेल्या असत्या. पण ती अडीच वर्षं अशी गेली नसती." म्हणजे तुझ्या हट्टानं ती साडेतीन वर्षं जगली. आणि माझ्यामुळं त्यातली अडीच चक्करेत गेली.

आईला माहीत होतं. डोंबिवलीहून परतताना खोपटच्या डेपोत बाळकुमच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो, तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. गाडी आली, तरी उठली नाही. मग म्हणाली, "मालूला नको सांगूस."

मी म्हटलं, "का? ती स्वतःला बोल लावून घेईल."

"तिला नवरा हाय, पोरं हायत. दोन दिस रडेल नि कामाला लागंल. तुज्या मागं कोन हाय? ती तुजं तोंड बघायची नाय. मी गेल्यावर तुना एक बहीन तरी ऱ्हाव दे."

म्हणून तुला येऊ दिलं नाही, गणपतीनंतरही पुढं ढकलत राहिले. माझ्यासाठी ती खोटं सांभाळतेय, हे तुमच्या दोघींच्या मध्ये बसून बघायची माझी हिंमत नव्हती. त्यापायी तुमची शेवटची भेट मी घालवली. ते तर आईनंही मला करायला सांगितलं नव्हतं.

तिचं म्हणणं मी वर्षभर पाळलं. पण ती चुकली, ताई. तू दोन दिवस रडून कामाला लागली नाहीस. परवा भावजींचं पत्र आलं. तुझं जेवण सुटलंय, आईच्या नावानं दचकून उठतेस, "मी मारलं तिला" म्हणतेस असं त्यांनी लिहिलंय. तुला असं ठेवून मला बहीण नको.

मी क्षमा मागत नाही. मागितली की द्यावी लागते, आणि मला तुला आणखी काही करायला लावायचं नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस, ते मला समजेल. फक्त जेव. आणि हे पत्र भावजींना दाखव, काकीलाही कळव, सगळ्यांना सांग.

आपल्या गावातल्या पेटीत हे टाकत नाही. पोस्टमन ओळखीचा आहे, दुपारी पेटी उघडायच्या आत मी जाऊन परत मागून घेईन, मला माझी खात्री नाही. खोपटला जाऊन टाकते. गाडी दहा मिनिटांत आहे.

जनी